नेमप्लेटवर किती नाव?

आमच्या जिल्हा रुग्णालयात आदेश आला तो असा: सर्व अधिपरिचारिका व परिसेविका यांनी कर्तव्यावर असताना पूर्ण नाव व पदनाम असलेली नामपट्टी दर्शनी भागावर लावावी. मेट्रन मॅडमच्या ऑफिसातून वही फिरली, आम्ही वाचल्याच्या सह्या केल्या आणि कामाला लागलो. यात वाद घालण्यासारखं काही आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. नेमप्लेट तशा सगळ्यांकडे होत्याच, फक्त ज्याची त्याची तऱ्हा. कुणाची नुसत्या आडनावाची, कुणाची लग्नाआधीची, कुणाची पिन तुटून ड्रॉवरमध्ये पडलेली.

सुरुवातीलाच सांगते, या लेखात माझ्या बरोबरीच्या कुणाचंही नाव नाही. विषयच तसा आहे.

आमच्याकडे नेमप्लेट करून देणारा माणूस कोर्टाच्या भिंतीला लागून बसतो. रबरी शिक्के, दारावरच्या पाट्या आणि वकिलांचे बोर्ड हा त्याचा मुख्य धंदा. काळ्या अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीवर मशिनने पांढरी अक्षरं कोरतो, मागे पिन किंवा चुंबक लावून देतो. आमच्यातली पहिली सिस्टर ऑर्डर द्यायला गेली तेव्हा त्याने सवयीने विचारलं, "मिस्टरांचं नाव पूर्ण घालू की नुसतं अक्षर?" तिने आदेशाची झेरॉक्स पुढे केली. पूर्ण नाव म्हटलंय, म्हणजे पूर्णच. प्लेट जेमतेम तीन इंचांची. त्यात स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव आणि खाली 'अधिपरिचारिका' हे लांबलचक पदनाम बसवायचं म्हणजे अक्षर मुंगीएवढं होणार. झालंही तसंच. डोळ्यांच्या वॉर्डातल्या आजींचं सोडाच, चष्मा लावूनही मला ते हातभर अंतरावरून वाचता येईना.

माझा पहिला आक्षेप हा इतका साधा होता: ज्याच्यासाठी पाटी लावायची त्याला ती वाचता आली पाहिजे. आमच्याकडे येणारा पेशंट तालुक्यांतून, वाड्यावस्त्यांवरून येतो. निम्म्यांचे चष्मे घरी राहिलेले असतात, काहींना अक्षरओळख नसते. ते आम्हाला ओळखतात ते आपल्या पद्धतीने. उंच सिस्टर, चष्म्याची सिस्टर, रात्रीची ओरडणारी सिस्टर, हलक्या हाताची सिस्टर. सकाळी ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून ताबा, घेताना पेशंट सांगतो, "रात्री त्या जाड्या बाईंनी सुई दिली," आणि जिच्याबद्दल तो बोलत असतो ती शेजारीच उभी राहून रिपोर्ट बुक लिहीत असते. म्हाताऱ्या बायका थेट 'पोरी' म्हणतात. मला पन्नाशी उलटल्यावरही एका आजींनी पोरी म्हणून हाक मारली तेव्हा त्या दिवसाची ड्युटी सुखाची गेली.

आता या पाटीवर तीन नावं का असतात, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. महाराष्ट्रात पूर्ण नाव म्हणजे मी, माझ्यामागे एक पुरुष आणि त्याच्यामागे त्याचं कूळ. मधला शब्द लग्नाआधी वडिलांचा, नंतर नवऱ्याचा. २०२४ साली शासनाने नावात आईचंही नाव घालायचा निर्णय घेतला, १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये एक नवी मुलगी म्हणाली, "ही बाळं नर्स होतील तेव्हा प्लेट खांद्यापासून कोपरापर्यंत लागेल." सगळ्या हसलो. पण निर्णय मला आवडला, हेही सांगते. नावात आई आली याचा आनंद वेगळा आणि ते सगळं नाव छातीवर लावून कॅज्युअल्टीत उभं राहणं वेगळं.

पाटीवरचं आडनाव कसं वाचलं जातं ते वॉर्डात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. नातेवाईक आधी विचारतो, "सिस्टर, तुम्ही कुठल्या?" तालुका सांगितला की गाव विचारतो. गाव सांगितलं की नजर पाटीवर जाते, आणि मग चेहऱ्यावर हिशोब जुळल्याचं दिसतं. जुळला तर तुम्ही 'आपल्या'. मग आपल्या सिस्टरने भेटीची वेळ संपल्यावरही चार माणसं आत सोडावीत, खिडकीजवळची खाट द्यावी, साहेबांना सांगून सोनोग्राफीचा नंबर पुढे घ्यावा. नाही म्हटलं तर गावाकडे निरोप जातो की तुमची सून फार शिष्ट आहे. जुळला नाही तर बहुतेक वेळा काही होत नाही. पण कधी कधी होतं. आमच्या एका सहकारिणीच्या हातून पेशंटला पाणी पाजायची वेळ आली. तोवर तिच्याशी छान बोलणारी त्याची बहीण पाटी वाचून म्हणाली, "राहू द्या, मी पाजते." शब्द साधेच. पण खालच्या मानल्या गेलेल्या आडनावाने जन्म काढलेल्या माणसाला त्याचा अर्थ लावायला वेळ लागत नाही. तिने ग्लास स्टूलवर ठेवला आणि पुढच्या खाटेकडे गेली. इंजेक्शन मात्र बहिणीने तिच्याच हातून घेऊ दिलं, ते काही स्वतःला देता येत नव्हतं.

कोविडच्या पहिल्या लाटेत आम्ही पीपीई किट घालून वॉर्डात जायचो तेव्हा सगळ्या सारख्या दिसायचो. डॉक्टर कोण, सिस्टर कोण, सफाईच्या मावशी कोण, काही कळायचं नाही. म्हणून वॉर्डात शिरायच्या आधी एकमेकींच्या पाठीवर आणि छातीवर मार्करने नाव लिहायचो. तिथे कुणाचाही आदेश नव्हता. आणि कुणीही पूर्ण नाव लिहिलं नाही. 'सिस्टर' आणि पुढे पाळण्यातलं नाव, एवढंच, चांगलं बोटभर जाड अक्षरात. पेशंट पलीकडच्या खाटेवरून ते वाचायचे. जन्मात ज्यांनी आम्हाला नावाने हाक मारली नव्हती ते "अमुक सिस्टर, ऑक्सिजनचा आवाज येत नाहीये" असं ओरडून सांगायला लागले. कामाची पाटी कशी असावी याचा याहून चांगला प्रयोग मी पाहिलेला नाही.

तेव्हाचीच दुसरी गोष्ट. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोना पसरवल्याबद्दल मुसलमानांना दोष देणं टीव्हीवर चाललं होतं, ते आठवत असेल. आमच्याबरोबर एक मुस्लिम सिस्टर होती. माझ्यापेक्षा धाकटी, पण शिरेत व्हेन्फ्लॉनची सुई लावण्यात आमच्या सगळ्यांची उस्ताद. लहान पोराची शीर सापडत नसेल तर दुसऱ्या वॉर्डातून तिला बोलावणं यायचं. तिने मार्कर हातात घेतला आणि मला म्हणाली, "दीदी, माझ्यावर नुसतं 'सिस्टर' लिही." मी लिहिलं. यावर आम्ही दोघी पुढे काहीच बोललो नाही. लाट ओसरल्यावर तिने आपली प्लेट पुन्हा लावली. बऱ्या होऊन गेलेल्या एका पेशंटची बायको मिठाईचा पुडा घेऊन 'ती फक्त सिस्टर लिहिलेली सिस्टर' शोधत आली होती. मी त्यांची गाठ घालून दिली. पुडा दोघींनी मिळून फोडला.

पण या सगळ्यावरून कुणी आदेशाला विरोध केला नसता. सरकारी नोकरीत आम्ही बऱ्याच गोष्टी गिळतो. विरोध सुरू झाला तो कॅज्युअल्टीतल्या एका रात्रीनंतर.

मोटरसायकलच्या अपघातात एक तरुण मुलगा आणला गेला. आणला तेव्हाच गेलेला होता. डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं. बरोबर मोठा घोळका होता, त्यातले बरेच प्यायलेले. सलाईन का लावलं नाही, ऑक्सिजन का दिला नाही, जिवंत होता, तुम्ही मारलात. टेबल उलटं झालं, काच फुटली. ड्युटीवरची सिस्टर ट्रॉलीच्या आड उभी राहिली. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं. पोलीस आले, गर्दी पांगली, कुणाला इजा झाली नाही. वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो व्हिडिओ तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. त्यातला एक फोटो कापून मोठा केलेला, तिच्या नेमप्लेटचा. मुंगीएवढी अक्षरं फोनवर बोटांनी ताणली की स्पष्ट दिसतात, हे तोवर आमच्या लक्षात आलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, हीच ती सिस्टर. आणि तिच्या नावाच्या मधोमध होतं तिच्या नवऱ्याचं नाव. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. नवऱ्याचं नाव आणि आडनाव मिळाल्यावर आमच्या जिल्ह्यात माणूस सापडायला दोन फोन पुरतात. संध्याकाळपर्यंत त्याला शिव्यांचे फोन सुरू झाले. तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी दोन पोरं मोटरसायकलवरून आली आणि 'गुरुजींचं घर कुठं' म्हणून मुलांना विचारून गेली. घरी सासू आणि दहावीतली मुलगी.

मुंबईत एखादीचं पूर्ण नाव वाचून काही हाती लागत नसेल. एका नावाच्या शंभर बायका असतील. जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्ण नाव म्हणजे पत्ताच असतो. आम्ही पाटीवर लावत होतो तो पत्ता.

पोलिसांत तक्रार झाली. महाराष्ट्रात २०१० सालचा कायदा आहे, वैद्यकीय सेवेतल्या लोकांवर हिंसा आणि रुग्णालयाच्या मालमत्तेची नासधूस करण्याविरुद्ध. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. कलम लागलं, चार जणांना अटक झाली, जामीनही झाला. फिर्यादी म्हणून तिने जबाब दिला तेव्हा ठाण्यातल्या हवालदाराने विचारलं, पूर्ण नाव, वय, राहणार? फिर्यादीत हे सगळं लिहावंच लागतं आणि त्याची नक्कल आरोपीलाही मिळते. ती मला नंतर म्हणाली, "प्लेटवरून जे राहिलं होतं ते इथे पूर्ण झालं." हसतच म्हणाली. पुढे तिने मागून ऑपरेशन थिएटरला बदली करून घेतली. तिथे पेशंट गुंगीत असतो आणि नातेवाईक दाराबाहेर.

त्यानंतर मायक्रोपोरचा जमाना आला. मायक्रोपोर म्हणजे सलाईनची सुई हलू नये म्हणून लावतो ती कागदी चिकटपट्टी. प्रत्येक सिस्टरच्या खिशात एक गुंडाळी असतेच. एकेक करून जवळजवळ सगळ्यांच्या प्लेटवरचं मधलं नाव आणि आडनाव त्या पट्टीखाली गेलं. मेट्रन मॅडम राउंडला आल्या की "काढा त्या पट्ट्या," म्हणायच्या. पट्ट्या निघायच्या, त्या जिन्यापर्यंत पोहोचेतो परत लागायच्या. एका सिस्टरची पट्टी मात्र आमच्या कितीतरी आधीपासून होती. तिचा घटस्फोट झाला होता. नाव बदलायचं तर राजपत्रात जाहिरात, मग सर्व्हिस बुक, मग नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मग पॅन आणि बँक, या फेऱ्यात ती अडकली होती आणि तोवर ज्या माणसाचं तोंड पाहायचं नव्हतं त्याचं नाव छातीवर वागवत होती. तिला कुणी पट्टी काढायला सांगितलं नाही. मेट्रन मॅडमनीही नाही.

आता दुसरी बाजू. ती मला पेशंटच्या खाटेशी बसल्यावर दिसली, आणि ती दिसली नसती तर मी हा सगळा प्रकार 'आमच्यावर अन्याय' एवढ्यावर सोडून दिला असता.

माझी आई पुण्यात एका मोठ्या खासगी रुग्णालयात होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. मी रजा काढून शेजारी. पहिल्या रात्री जी मुलगी आली तिच्या गळ्यातलं कार्ड उलटं फिरलेलं. वेदनाशामक कधी दिलं, पुढचं कधी, विचारलं तर "दिलंय" एवढंच. सकाळी दुसरी आली, तिला काही ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं असं तिने विचारलं तर मला नाव सांगता येईना. त्या क्षणी मी सिस्टर नव्हते, नातेवाईक होते, आणि माझा संताप अगदी नातेवाइकासारखाच होता. या बिननावाच्या लोकांच्या हाती आपलं माणूस आहे, हे वाटणं वाईट असतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये पेशंटच्या हक्कांची सनद तयार केली, तिच्यात आपल्यावर उपचार करणारी माणसं कोण आणि त्यांचं पद काय, हे कळण्याचा हक्क दिलाय. आमच्या रुग्णालयाच्या भिंतीवरही अशा हक्कांचा फलक आहे, औषधाच्या खिडकीशेजारी. मी त्याच्यासमोरून वर्षानुवर्षं गेले. नीट वाचला तो पुण्याहून परत आल्यावर.

पुण्यातल्याच दुसऱ्या रात्रीची मुलगी केरळची होती. तिने खोलीत येऊन आधी आपलं नाव सांगितलं, एकच नाव, आणि सकाळी आठपर्यंत मी आहे म्हणाली. मराठी मोडकंतोडकं. आईला ते नाव उच्चारता येईना, आईने तिचं आपलं काहीतरी नाव केलं आणि ती त्यालाही ओ देऊ लागली. तिच्या कार्डावर एकच नाव, 'नर्स' आणि कर्मचारी क्रमांक होता. त्या नावावर आमचं काम भागलं. सकाळी मी म्हणू शकले की रात्रीच्या अमुक सिस्टरनी असं सांगितलंय, आणि सकाळच्या सिस्टरने फाईल उघडून सही ताडून पाहिली.

सही, हे इथे महत्त्वाचं आहे. लोकांना वाटतं की पाटीवर पूर्ण नाव नसेल तर चूक करणारी सिस्टर निसटून जाईल. कशी निसटेल? औषधाच्या चार्टवर प्रत्येक डोसपुढे वेळ आणि सही असते. नर्सिंग नोट्समध्ये असते. ओव्हरच्या वहीत असते, ड्युटी रजिस्टरमध्ये असते, रक्त चढवलं तर त्याच्या फॉर्मवर असते. पोलीस केस असेल तर विचारायलाच नको. आम्ही जेवढं लिहितो तेवढं कुणी लिहीत नसेल. एकदा मला एका जळीत केसमध्ये साक्षीला बोलावलं होतं, घटना होऊन बरीच वर्षं उलटल्यावर. केसपेपरवर माझी सही होती ती माहेरच्या आडनावाची. समन्स आलं सासरच्या. बचावाच्या वकिलांनी तेवढ्यावरच बराच वेळ मला उभं केलं: ही सही तुमचीच कशावरून, या नावाची दुसरी सिस्टर तिथे होती का, नाव केव्हा बदललं, पुरावा काय. न्यायाधीशांनी शेवटी त्यांना आवरतं घ्यायला सांगितलं. मी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट बरोबर नेलं होतं, त्यावर क्रमांक असतो आणि तो लग्नाने बदलत नाही. त्या क्रमांकानेच मला त्या पिंजऱ्यातून बाहेर काढलं. नावाने नाही.

माझ्या हाताखाली शिकून गेलेली एक मुलगी आता इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिच्याशी बोलताना कळलं की तिकडे बऱ्याच ठिकाणी पिवळ्या पट्टीवर ठळक अक्षरात पहिलं नाव आणि हुद्दा, इतकंच असतं. तिथे केट ग्रेंजर नावाच्या एक डॉक्टर होत्या. त्यांना स्वतःला कॅन्सर झाला आणि २०१३ मध्ये रुग्णालयात दाखल असताना त्यांच्या लक्षात आलं की येणारा-जाणारा स्टाफ आपलं नावच सांगत नाही. त्यांनी मोहीम सुरू केली, 'हॅलो, माय नेम इज'. बाई २०१६ मध्ये गेल्या, पण मोहीम टिकली. आणि ज्याला कुणाची नोंदणी तपासायची असेल त्याच्यासाठी तिथल्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्टर नेटवर खुलं आहे. म्हणजे खाटेशी नाव आणि रजिस्टरात बाकीचं. मला ही विभागणी पटते. फक्त एक आहे. तिकडे डॉक्टरांनाही बऱ्याचदा पहिल्या नावाने ओळख करून द्यायची रीत आहे म्हणे. आपल्याकडे डॉक्टर पदव्यांसकट पूर्ण नावाने आणि सिस्टर नुसत्या पहिल्या नावाने, असं झालं तर?

हा प्रश्न माझा नाही. आमच्या एका निवृत्तीला आलेल्या सिनिअरचा आहे. पट्ट्या लावण्याच्या चळवळीत त्या एकट्या सामील झाल्या नाहीत. त्यांची प्लेट लखलखीत, तीनही नावं, खाली पदनाम, रोज रुमालाने पुसलेली. मी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "सगळी हयात 'ओ सिस्टर' ऐकण्यात गेली. माझ्या बापाने मला नर्सिंगला घातलं म्हणून भावकीने त्याला वाळीत टाकल्यासारखं केलं होतं. आता हे नाव लोकांनी वाचावं. तुम्ही खुशाल झाका." त्यांच्या प्लेटवरचं मधलं नाव वडिलांचं होतं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. यावर मला उत्तर सुचलं नाही आणि अजूनही सुचलेलं नाही. कुणाला पूर्ण नाव लावावंसं वाटत असेल तर त्याला कोण कशाला अडवेल? सक्तीचं काय, एवढाच मुद्दा उरतो.

त्याच बाईंनी आणखी एक गोष्ट ऐकवली होती. परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ च्या नोव्हेंबरात मुंबईत केईएम रुग्णालयात हल्ला झाला, त्यानंतर २०१५ मध्ये जाईपर्यंत त्या जवळजवळ बेचाळीस वर्षं तिथल्याच खाटेवर होत्या. हल्ला करणारा कुणी बाहेरचा नव्हता. त्याच रुग्णालयातला कामगार होता. "त्याला नाव वाचायला पाटी लागली नव्हती," असं त्या म्हणाल्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात शिकाऊ डॉक्टर मुलीवर रुग्णालयातच बलात्कार करून तिचा खून झाला तेव्हा आम्ही गेटवर काळ्या फिती लावून उभ्या होतो आणि तेव्हाही हेच बोलणं निघालं. कॅज्युअल्टीच्या दाराशी रात्री एकच सुरक्षारक्षक, तोही साठीचा. कॉरिडॉरमधल्या दोन ट्यूब बंद. चेंजिंग रूमची कडी तुटलेली. नेमप्लेटवरची दोन नावं झाकून यातलं काहीच सुधारत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून आमच्या निवेदनात आम्ही कडी आणि ट्यूबही लिहिल्या.

निवेदन मेट्रन मॅडमच्या मार्फत वर गेलं. मागणी अशी: पाटीवर मोठ्या अक्षरात पहिलं नाव, खाली 'परिचारिका', त्याखाली कर्मचारी क्रमांक. ज्यांना पूर्ण नाव हवं त्यांना मुभा. तक्रार करणाऱ्याने क्रमांक सांगितला की ऑफिसने नाव काढायचं. सिव्हिल सर्जननी बोलावून घेतलं, चहा पाजला. मुद्दा पटतो म्हणाले, पण ओळखपत्राबाबतचे आदेश शासनाचे असतात, ते मी कसे बदलू? मग आम्ही ओळखपत्र उलटं करून त्यांच्यापुढे ठेवलं. गळ्यात अडकवायच्या त्या कार्डामागे घरचा पत्ता, मोबाईल नंबर आणि रक्तगट छापलेला होता. पंख्याच्या वाऱ्याने कार्ड दिवसातून किती वेळा उलटं फिरतं ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनी स्वतःचं कार्ड उलटून पाहिलं. त्यावरही बंगल्याचा पत्ता होता. नव्या कार्डांमागचा पत्ता आणि नंबर महिन्याभरात गेला. रक्तगट राहिला. ट्यूबही लागल्या. कडीचं इस्टिमेट निघालंय.

पुढच्या बाजूचं अजून तसंच आहे. मी मात्र कोर्टाजवळच्या त्या माणसाकडून दुसरी प्लेट करून घेतली, पहिलं नाव आणि 'सिस्टर', बोटभर अक्षरात. ती छातीवर असते आणि सरकारी कार्ड गळ्यात. ड्युटी सुरू झाली की प्रत्येक खाटेशी जाऊन नाव सांगते आणि किती वाजेपर्यंत आहे ते सांगते, पुण्यातल्या त्या मुलीकडून उचललेली सवय. हाताखालच्या मुलींना आधी लाज वाटायची. आता त्याही सांगतात.

निवेदनावर ब्रदर लोकांच्याही, म्हणजे पुरुष परिचारकांच्याही, सह्या आहेत. त्यांना हा त्रास नाही असं त्यांनीच कबूल केलं, त्यांच्या बायकोचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं. एकाने मात्र सही केली नाही. तो कंत्राटी आहे, दर अकरा महिन्यांनी ऑर्डर नवी होते आणि ऑर्डर नवी होईपर्यंत कार्ड मिळत नाही, त्यामुळे वर्षातले कित्येक दिवस तो कसल्याच पाटीशिवाय काम करतो. मी कागद त्याच्यापुढे धरला तेव्हा तो सलाईनच्या बाटलीवर वेळ लिहीत होता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही नाव कमी करायला सांगताय. मला आधी परमनंटची ऑर्डर येऊ द्या, मग बापाचं, आजाचं, गावाचं, सगळं लावतो."